घरकुलातली मुलं पुण्याच्या आदिवासी संग्रहालयात: एका सहलीचा प्रकरण अभ्यास

सोलापुरातून अक्कलकोटकडे निघालं की कुंभारीजवळ विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची वसाहत लागते. २००६ साली या घरांचा ताबा मिळाला. कागदोपत्री नाव गोदूताई परुळेकर यांचं, बोलताना सगळे नुसतं ‘घरकुल’ म्हणतात. तिथल्या एका अभ्यासिकेत पाचवी ते आठवीची मुलं संध्याकाळी येतात. बहुतेकांच्या घरी तेलुगू, काहींच्या कन्नड, काहींच्या दखनी, आणि शाळा मराठी. मी या अभ्यासिकेचं काम बघते. या मुलांना आम्ही पुण्याच्या आदिवासी संग्रहालयात नेलं, त्याची ही नोंद. आपल्या मुलांना किंवा वर्गाला अशा ठिकाणी न्यायचा विचार करणाऱ्या शिक्षक-पालकांसाठी ती लिहिली आहे. मुलांची नावं आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

जायचं का ठरलं

कारण घडलं ते एका स्नेहसंमेलनात. कार्यक्रमात ‘आदिवासी नृत्य’ होतं. बहुतेक शाळांत असतं तसंच: कमरेला कागदी पानं, तोंडाला काळा रंग, हातात थर्माकोलचे भाले, मधोमध एक राजा, आणि गाणं थांबलं की तोंडावर तळवा आपटून काढलेले आवाज. अभ्यासिकेची काही मुलं त्यात नाचली. त्यातला एक मुलगा फासेपारधी कुटुंबातला आहे. वस्ती घरकुलाच्या बाहेर, पण अभ्यासाला तो इथेच येतो. पारधी आणि फासेपारधी या दोन्ही नोंदी महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत आहेत. म्हणजे जो मुलगा खरोखर आदिवासी, त्यालाच काळा रंग फासून ‘आदिवासी’ केलं होतं. हे त्याला ठाऊक नव्हतं, नाच बसवणाऱ्यांना ठाऊक नव्हतं, आणि समोर खुर्च्यांवर बसलेल्या पालकांपैकी कुणाला काही खटकलं नाही. मला मात्र त्या रात्री नीट झोप लागली नाही.

पुढच्या आठवड्यात मुलांना सांगितलं, आदिवासी माणसाचं चित्र काढा. पानं आली, भाले आले, शेकोटी आली. बाई जवळजवळ कुणीच काढली नाही. दप्तर घेतलेलं पोर, एस्टीची वाट बघणारा म्हातारा, दवाखान्यात नर्सचं काम करणारी मुलगी, असं काही तर सुचणंच शक्य नव्हतं. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात १ कोटी ५ लाखांहून अधिक आदिवासी नोंदले गेले. लोकसंख्येच्या ९.३५ टक्के. आपल्या शंभर माणसांतली नऊ माणसं या मुलांच्या डोळ्यांपुढे माणसं म्हणून उभीच राहत नव्हती.

पुण्यात क्वीन्स गार्डन भागात आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, १९६२ मध्ये स्थापन झालेली. तिचं संग्रहालय महाराष्ट्रातल्या जमातींच्या वस्तूंसाठी ओळखलं जातं: वारली चित्रं, मुखवटे, दागिने, वाद्यं, शस्त्रं, बांबूकाम, घरांच्या प्रतिकृती. आमचा पेच असा होता की यादीत शस्त्रंही आहेत आणि मुखवटेही. तयारीशिवाय नेलं तर मुलं म्हणतील, बघा ताई, आम्ही काढलं होतं तसंच आहे. काचेमागे वस्तू असते, ती करणारा हात नसतो. तो हात मुलांना आधी दिसायला हवा होता, आणि तो सोलापुरात बसून दाखवायचा होता.

पानापासून सुरुवात

सुरुवात सोपी निघाली, कारण ती प्रत्येकाच्या घरात होती. घरकुलातल्या बाया ब्रँचमधून, म्हणजे विडी कारखान्याच्या शाखेतून, तेंदूची पानं आणतात, भिजवतात, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवतात, फर्मा लावून कात्रीने कापतात, मांडीवर सूप घेऊन जर्दा भरून विडी वळतात आणि दोरा बांधतात. मजुरी हजार विड्यांमागे. मुलांनी हे जन्मापासून पाहिलंय. पान कुठून येतं, हा प्रश्न मात्र त्यांना कुणी विचारला नव्हता. सोलापूर जिल्ह्यात तेंदूची जंगलं नाहीत. पान येतं विदर्भ, छत्तीसगड, तेलंगण अशा जंगलपट्ट्यांतून, आणि तिथे ते तोडणाऱ्यांत गोंड, माडिया, कोलाम अशी कुटुंबं मोठ्या संख्येने असतात. हंगाम एप्रिल-मेचा, ऐन उन्हाचा. पहाटे जंगलात जायचं, दुपारपर्यंत पानं आणायची, घरी बसून पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे खरेदीच्या केंद्रावर, नेऊन द्यायचे. महाराष्ट्रात एका पुड्यात ७० पानं मोजतात आणि हजार पुड्यांचं एक पोतं धरतात.

एका मुलीने घरी जाऊन आजीसमोर एक पुडा सोडून मोजायला घेतला. आजीने विचारलं कशाला, तर तिने सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती आजीचा निरोप घेऊन आली: “ती पानं तोडणाऱ्या बायांना पुड्यामागं किती मिळतंय, तेवढं विचारून ये.” सबंध तयारीतला सगळ्यात चांगला प्रश्न हाच. तो माझ्या कुठल्याच टिपणात नव्हता. हजारावर मजुरी घेणाऱ्या बाईने पुड्यावर मजुरी घेणाऱ्या बाईची चौकशी केली होती. त्यानंतर ‘जंगलात राहणारे लोक’ हा शब्द अभ्यासिकेत कमी ऐकू आला. मुलं ‘पानवाल्या बाया’ म्हणू लागली.

मग वसाहतीच्या नावाकडे वळलो. रोज ज्या पाटीखालून ये-जा करतात त्या गोदूताई कोण, हे मुलांना माहीत नव्हतं. पुष्कळशा आयांना त्या विडी कामगारांच्याच पुढारी वाटत होत्या. गोदावरी परुळेकर (१९०७-१९९६) महाराष्ट्रातल्या पहिल्या महिला कायदा पदवीधर मानल्या जातात. १९४५ मध्ये त्या ठाणे जिल्ह्यातल्या डहाणू-तलासरीच्या वारल्यांमध्ये जाऊन राहिल्या. तिथे सावकार-जमीनदारांकडे वेठ होती, आणि लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघांनी मालकाकडे राबायचं, त्यांना लग्नगडी म्हणत. मे १९४५ मध्ये झरी गावात वारल्यांनी ठरवलं की वेठ करायची नाही. पुढे गवत कापण्याच्या मजुरीसाठी संप झाला. ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड व त्यांचे साथी मारले गेले.

ही गोष्ट सांगताना एक काळजी घेतली. शहरातून बाई आली आणि तिने वारल्यांना सोडवलं, अशी ती फार सहज सांगितली जाते. झरीला जमलेले वारली होते, गोळ्या खाल्ल्या त्या वारल्यांनी, आणि वेठीला नकार देण्याची किंमत ज्याच्या त्याच्या झोपडीला मोजावी लागणार होती. गोदूताई त्यांच्याबरोबर होत्या. हा फरक सातवीच्या मुलांना कळतो. त्यांच्या आयांनी संप केलेले आहेत, मोर्च्यात चालणारी शेकडो आणि माइकवर बोलणारी एक, हे त्यांनी पाहिलंय.

यादी वाचण्याआधी

तिसरा भाग सगळ्यात अवघड. राज्यातल्या जमातींची यादी वाचून प्रत्येकाने एक जमात निवडायची असं ठरलं होतं, आणि त्या यादीत पारधी येणार होते. ते नाव मोठ्याने वाचलं जाईल आणि सगळी तोंडं एका मुलाकडे वळतील. पारध्यांबद्दल आपल्या भागात काय बोललं जातं ते सांगायला नको. चोरी झाली की आधी पोलीस कुठल्या वस्तीवर जातात, हे त्या मुलाने स्वतः पाहिलेलं आहे.

यादी वाचण्याआधी मी त्याच्या आईला भेटायला वस्तीवर गेले. संग्रहालय म्हणजे काय, तिथे काय असतं, यादीत त्यांचं नाव आहे, सगळं सांगितलं. नेऊ नये असं वाटत असेल तर नेणार नाही, आणि गट तरीही जाईल पण यादी वाचायची की नाही ते बघू, असंही बोलले. त्यांनी बराच वेळ ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “न्या की. पर तेला हुबा करून काय इचारू नगा.”

हाच आमचा नियम झाला. कुठल्याही मुलाने आपल्या समाजातर्फे बोलायचं नाही, बोलायला लावायचं नाही. अशा सहलीला निघणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने हा नियम पाठ करावा असं मला कळकळीने वाटतं. वर्गात एखादं आदिवासी मूल असेल तर त्याला कौतुकाने पुढे करण्याचा मोह होतो. “सांग बघू, तुमच्यात लग्न कसं होतं?” विचारणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण त्या क्षणी ते मूल काचेच्या पलीकडे जाऊन उभं राहतं. बाकीच्यांना त्यांच्या लग्नाबद्दल कुणी उभं करून विचारलेलं नसतं.

यादी वाचली. मध्येच न थांबता, सगळी नावं एका चालीत. ‘पारधी’ आल्यावर दोन-तीन माना वळल्या, एक मुलगा हळू आवाजात काहीतरी म्हणाला. मी पुढचं नाव घेतलं. त्या मुलाने निवडायच्या वेळी कोरकू घेतले, मेळघाटातले. का, ते विचारलं नाही.

पुण्याचा दिवस

हुतात्मा एक्सप्रेस सकाळी लवकर सुटते, दहा-साडेदहाच्या सुमारास पुणे आणि संध्याकाळची परतीची गाडी. मुलं असताना हे सोयीचं, मुक्कामाचा खर्च नाही. स्टेशनपासून संग्रहालय जवळ आहे. कडक भाकरी आणि शेंगाचटणी घरोघरची होती, त्यामुळे जेवणाची चिंता मिटली. सरकारी ठिकाण असल्याने सुट्ट्या आणि वेळा आधी फोन करून पक्क्या केल्या, गट येणार असल्याचं पत्र दिलं. पाच मुलांमागे एक मोठं माणूस ठेवलं. पंधरा-वीस मुलांचा एकच घोळका केला तर मागच्यांना नुसत्या पाठी दिसतात.

प्रश्नांची छापील पत्रिका दिली नाही. ती दिली की मुलं काचेवरची माहिती उतरवून घेत फिरतात आणि मान वर करत नाहीत. प्रत्येकाने एकाच वस्तूसमोर बसायचं, तिचं चित्र काढायचं आणि ती कुणी, कशाची, कुठे बसून केली असेल ते मनाशी लावायचं, एवढंच काम. विणकराच्या घरातली एक मुलगी बांबूच्या टोपलीसमोर बसली ती उठेचना. उभ्या पट्ट्या किती, आडवी पट्टी कुठे एक सोडून जाते, कुठे दोन सोडून, हे तिने मोजून काढलं. तिच्या घरी टॉवेलचा माग आहे. टोपली करणाऱ्या माणसाला तिने त्या अर्ध्या तासात जेवढं ओळखलं, तेवढं मला सांगून जमलं नसतं.

मुखवट्यांपाशी गर्दी झाली. जव्हार-मोखाडा भागात बोहाडा होतो. उन्हाळ्याच्या सुमारास रात्री देवांची आणि राक्षसांची सोंगं संबळाच्या तालावर निघतात. तो देवाचा उत्सव असतो, आणि कोणतं सोंग कोणत्या घराने नाचवायचं हे पिढ्यांपासून ठरलेलं असतं. म्हणून मुखवट्यासमोर वेडंवाकडं तोंड करून फोटो नाही, हे आधीच बोललो होतो. तरी एकाने केलंच. त्याच्या मैत्रिणीनेच त्याला दटावलं.

घराच्या प्रतिकृतीपुढे सहावीतल्या एकाने मोठ्याने विचारलं, “ताई, हे लोक अजून असंच राहलालेत का?” बरोबरची एक ताई त्याला गप्प करणार होती. मी थांबवलं. असे प्रश्न दाबले की मुलं ते आपापसात विचारतात आणि आपापसात चुकीची उत्तरं देतात. मी त्याला विचारलं, गड्ड्याच्या, म्हणजे आपल्या सिद्धेश्वराच्या यात्रेला नंदीध्वज धरणारे काय घालतात? बाराबंदी, सगळे एकदम ओरडले. उद्या कुणी सोलापूरचं संग्रहालय केलं आणि त्यात नुसतीच बाराबंदी आणि नंदीध्वज ठेवले, तर बघणाऱ्याला वाटेल सोलापूरचा माणूस रोज बाराबंदी घालून ऑफिसला जातो. मुलगा हसला, मग म्हणाला, “पर काही जण असल्या घरात राहत पण असतील की.” खरं होतं. काही राहतात, काही कुडाच्या घरात, काही स्लॅबच्या, काही पुण्या-मुंबईच्या बांधकामांवरच्या पत्र्यांत. हे चारही सांगितलं. नुसतं ‘ते आता आपल्यासारखेच झालेत’ म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. त्यात असा अर्थ लपलेला असतो की आपल्यासारखं होणं हीच पुढची पायरी.

दुपारी आम्ही एका वारली मुलीला भेटलो. जव्हारकडची, पुण्यात शासकीय वसतिगृहात राहून कॉमर्स शिकणारी. ओळखीतून संपर्क झाला होता. तिला मानधन दिलं, आणि ते आधी ठरवून दिलं. शाळेत कुणी डॉक्टर व्याख्यानाला आले तर पाकीट तयार असतं, आदिवासी पाहुण्याला मात्र पुष्पगुच्छावर वाटेला लावतात. आपल्या समाजाबद्दल बोलणं हे काम आहे आणि कामाचे पैसे द्यावेत. विडी कामगारांच्या मुलांना हे समजावून सांगावं लागलं नाही.

ती भिंतीवरच्या चित्रांबद्दल बोलली. लग्नाचा चौक, म्हणजे लग्नाच्या वेळचं भिंतीवरचं चित्र, सवाशिणी लिहितात, गेरू-शेणाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने. मधे पालघट देवी, आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते तेव्हा लग्न लागतं. बाजारातल्या पिशव्यांवर दिसणारी वारली चित्रं वेगळी. ती कागदावर-कापडावर मोठ्या प्रमाणात आली १९७० च्या दशकापासून, आणि त्यात गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांचं नाव मोठं. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. मग तिने मोबाइलवर काकांचा तारपा वाजवतानाचा व्हिडिओ दाखवला. सुकलेला दुधी, बांबू आणि ताडाचं पान एवढ्यातून एवढा आवाज निघतो हे कळल्यावर मुलांनी तो पुन्हा पुन्हा लावायला लावला.

प्रश्न सुरू झाले. शिकार येते का? “आजोबांना मासे धरता यायचे. मला येत नाही, मी टॅली शिकतेय.” घरी पंखा आहे का? आहे, लाइट नेहमी नसते. आजीचा निरोप आणणाऱ्या मुलीने पुड्याचा भाव विचारला. ती म्हणाली, आमच्याकडे तेंदूचं काम नाही. दिवाळीनंतर गावातली बरीच माणसं वीटभट्टीवर जातात, तिची आईही जायची. तेंदूचं गडचिरोलीकडे विचारा. एकाच राज्यातले आदिवासी एकमेकांपासून किती लांब आणि किती वेगळे असतात, हे मुलांना तिथे कळलं. त्याआधी ‘आदिवासी’ म्हणजे एकच जमात असं त्यांना वाटत असावं.

कोरकू निवडलेला मुलगा सगळा वेळ मागे बसला होता. सगळे उठल्यावर तो तिच्याजवळ गेला आणि विचारलं, वसतिगृहात कुणाला घेतात. ती म्हणाली, जमातीचा दाखला लागतो, पुढे त्याची पडताळणी लागते, आणि दाखला जितका लवकर काढशील तितकं बरं. त्याने वहीत लिहून घेतलं.

नंतर

परत आल्यावर आजीच्या प्रश्नाचा पाठपुरावा केला. पुड्याचा भाव दरवर्षी आणि गावागणिक बदलतो, त्यामुळे एक आकडा हाती लागला नाही. दुसरी गोष्ट मात्र कळली. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावांना जंगलावर सामूहिक हक्क मिळू लागले, गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला तो २००९ मध्ये मिळाला, आणि त्या भागातल्या अनेक ग्रामसभा आता तेंदूपानं स्वतः विकतात, व्यापाऱ्याशी स्वतः भाव ठरवतात. मुलीने हे आजीला सांगितलं. आजी म्हणाली, “असं आपल्याला जमंल का?” त्यावर आयांची एक बैठक झाली. ती या नोंदीत बसत नाही.

पुढच्या संमेलनात नाच पुन्हा ठरला. मुलांनी आपण होऊन बाईंना जाऊन सांगितलं, काळा रंग लावणार नाही आणि पानं घालणार नाही. चर्चा झाली, थोडी ताणाताण झाली. शेवटी रंग आणि पानं गेली, गाणं तेच राहिलं. तोंडावर हात मारणं एकाच कडव्यात ठेवलं. मुलांना हे अर्धं वाटतं, मलाही. यंदा तारपा नाच बसवायचा त्यांचा विचार आहे. त्यासाठी त्या वारली मुलीला मानधन देऊन बोलवावं, असं शाळेला सुचवलं आहे.

फासेपारधी मुलाचं प्रकरण वेगळ्याच वाटेने गेलं. सहलीनंतर त्याची आई अभ्यासिकेत आली, त्याची वही घेऊन. दाखला काढायचा म्हणतो, काय करावं लागतं? अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा वास्तव्याचा आणि जमातीचा पुरावा बघतात. ज्यांचे आजोबा पालात राहिले, शाळेत गेले नाहीत, ज्यांच्या नावावर जमीन नव्हती, त्यांनी तो कुठून आणायचा? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली असल्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार धरलं गेलं. सोलापुरात तर त्यांना ठेवायला तारेच्या कुंपणाची सेटलमेंट होती, रोजची हजेरी होती. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, सोलापूरचा तो भाग आजही सेटलमेंट म्हणूनच ओळखला जातो. सरकारने या लोकांची मोजदाद ठेवली ती पहारा ठेवण्यासाठी. आता त्याच लोकांना आपण कोण हे सिद्ध करायला कागद दाखवावा लागतो.

मुलाच्या चुलत आजोबांची शाळेतली एक नोंद दुसऱ्या तालुक्यात सापडली आहे. त्यात जमात ‘पारधी’ लिहिली आहे, आडनाव मात्र वेगळं पडलं आहे. नातं दाखवणारी वंशावळ आणि आडनावाचं प्रतिज्ञापत्र तयार केलं, उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अर्ज दिला, स्थानिक चौकशी व्हावी अशी विनंती जोडली. सोबत काकांच्या मुलाचे कागदही घेतले, म्हणजे घरातल्या दोघांचं काम एका हेलपाट्यात होईल. मुलगा आता आठवीत आहे. वसतिगृहाचे अर्ज निघण्याआधी दाखला हातात यावा म्हणून त्याचे वडील आठवड्यातून एक दिवस मजुरी पाडून कार्यालयात जातात, आणि ज्या दिवशी त्यांना जमत नाही त्या दिवशी आमच्यातलं कुणीतरी जातं.